मोंढ्याच्या रस्त्यावरची ओली राख

गाडी पेटली तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या माणसांनी आधी माझ्या चुलीकडं बघितलं, मग कापसाकडं.

गाडी रंगनाथची होती. वालूरकडचा उंच, हाडकुळा म्हातारा. कापूस घेऊन मोंढ्यासमोरच्या रांगेत उभा होता आणि त्या वेळी पाणी आणायला आडावर गेला होता. बैल चाकाला बांधलेले, पुढ्यात कडबा. कापूस लाकडासारखा जळत नाही. आधी वरून एक पिवळी लाट सरकन फिरते. बघणाऱ्याला वाटतं, गेलं, विझलं. मग आतून धूर यायला लागतो आणि तो काही केल्या थांबत नाही. ती पहिली लाट फिरली तसे बैल उधळले, पण बांधलेले बैल उधळून जाणार कुठं? मी अंबाडी कापायचा विळा उचलला आणि दोन्ही दावी तोडली. एकाचं शिंग माझ्या दंडात घुसलं. वण अजून आहे. बैल बाभळींकडं पळाले. पुढचे-मागचे गाडीवाले आपापल्या गाड्या ढकलत लांब नेऊ लागले, कोणी माती टाकू लागलं, कोणी नुसतंच ओरडू लागलं.

गाडीचा कोळसा होत आला तेव्हा लोकांना बोलायला सवड मिळाली.

"हिच्याच चुलीची ठिणगी हाय! वारं इकडूनच हाय."

जिनिंगचा मुनीम धोतराचा सोगा धरून पुढं आला. "म्या मनलं नव्हतं का? कापसापाशी चूल नको मनून? उचला हिचं सामान. फेका तिकडं."

कोणीतरी माझ्या घागरीला लाथ घातली. कोणीतरी पोलिसाला बोलवा म्हणालं. माझ्या हातात विळा होता म्हणून अंगाला कोणी हात लावला नाही. जातीचा विटाळही होता म्हणा.

*

दिवाळी सरली की सेलूत अजून कापूस येतो. पिकअपमध्ये येतो, वर ताडपत्री बांधलेली, सकाळी आला की दुपारी रिकामा. रस्त्याच्या कडेच्या बाभळी आता फारशा राहिल्या नाहीत, नाहीतर पूर्वी गाड्या जाता-येता काट्यांना कापूस अडकायचा आणि कार्तिक संपेपर्यंत त्या बाभळींना पांढरी फुलं आल्यासारखं दिसायचं. दिसायला बरं होतं. पण तोच कापूस उडून पिठल्यात पडायचा, पाण्यात पडायचा, भाकरीला चिकटायचा. लोक म्हणतात, जुन्या दिवसांत जेवणाला चव होती. त्या दिवसांत स्वयंपाक मी करत होते. मला विचारा. निम्मी चव कापसाची होती.

यंदा पहिली पिकअप दारासमोर उभी राहिली तेव्हा मी खुर्चीवर बसले होते. सरकीचा तो तेलकट, कोंदट वास आला आणि दंडाचा वण खाजला. म्हाताऱ्या अंगाला काहीही निमित्त पुरतं.

मी चौथी शिकले. त्या शिक्षणात जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते.

त्या वेळचा मोंढ्याचा, म्हणजे शेतमालाच्या बाजाराचा, रस्ता असा होता. एका तोंडाला सरकी काढायचं जिनिंग, त्याचा भोंगा वाजला की गावाला वेळ कळायची. मधे आडत दुकानं, गादीवर शेठ आणि खाली पायरीवर शेतकरी. पुढं कापडवाला, दोराचं-सुताचं दुकान, नालबंद. बैलाला नाल मारताना जळक्या खुराचा वास यायचा आणि शेजारीच हलवाई जिलबी तळायचा. दोन्ही वास एकत्र. अजून मला जिलबीबरोबर खूर आठवतो, म्हणून मी जिलबी खात नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक हॉटेल होतं. भजे, चिवडा, पेढा आणि चहा. रेडिओ होता, लाकडी बाकं होती, आरसा होता. आमचा कप मात्र बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात. आपणच काढायचा, आपणच पुढं धरायचा, वरून चहा ओतला की उभ्यानं प्यायचा, आपणच धुवून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. धर्म बदलून आम्हाला बरीच वर्षं झाली होती, कोनाड्याला ते कोणी कळवलं नव्हतं.

स्टेशनजवळ चाचाचं हॉटेल होतं. पत्र्याचं, काळंकुट्ट, माश्या भरपूर. मी एकदा पोराला घेऊन दारात उभी होते. आत कसं जावं, हे माझ्या पायांना माहीत नव्हतं. चाचा गल्ल्यावरून ओरडला, "अगे बेटी, भायेर कायकू खडी है? अंदर बैठ ना. कुर्सी क्या काटती तेरेकू?"

मी बसले. चहा कडू होता, उकळून उकळून मेलेला. पण कप बशीत होता आणि बशी टेबलावर. त्या हॉटेलाबद्दल माझ्याकडून कोणी वाईट ऐकणार नाही, माश्या सोडून.

*

माझी चूल त्या रस्त्यावर कशी आली, ते सांगते. दुष्काळात मी आणि आमचे मालक, माझा नवरा, खडी फोडायला जायचो. पाऊस पडला, दुष्काळी काम बंद झालं. मालक मोंढ्यात हमाली करायचे, पण तिथं हमाल ढीगभर. वस्तीतली निम्मी माणसं ऊस तोडायला निघाली. मुकादम आमच्याही दारात येऊन गेला. "जोडीनं चला," म्हणाला. "लेकरं संग घ्या. उसाच्या पाचटात खेळतील."

आमचा थोरला शाळेत जायला लागला होता. पाटीवर स्वतःचं नाव काढायचा. मी मुकादमाला म्हणलं, "तुमची लेकरं खेळायलीत का पाचटात?" तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. पण जाताना सांगून गेला की कापसाच्या हंगामात काही जमलं नाही तर पौषात दुसरी टोळी निघणार आहे. म्हणजे माझ्याकडं तेवढाच हंगाम होता. चूल चालली तर पोरगा शाळेत, नाही चालली तर पाचटात.

त्या वर्षी कापूस चांगला झाला. सरकारी खरेदी नवीन होती, सगळ्या गावांच्या गाड्या एकाच दारात यायच्या. रांग मोंढ्यापासून पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत जायची. गाडीवाला दोन-तीन दिवस रांगेतच; रात्री गाड्या स्टेशनच्या मैदानात सोडायच्या, पहाटे पुन्हा आपापल्या जागी लावायच्या. गाडी सोडून जेवायला गेला तर मागचा पुढं सरकायचा, आणि कापसाजवळ चूल पेटवायची तर बंदी. घरची बांधून आणलेली भाकरी दुसऱ्या दिवशी दगड व्हायची. मी ते बघितलं आणि रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली दोन बांबू रोवून वर पोतं ताणलं.

मुनीम म्हणाला, "चूल न्हाई चालायची."

मी म्हणलं, "गाड्या पहाटं लागत्यात. त्याच्या आधी सगळं रांधून चूल विझवते."

"चूल कधी विझती का? राखंखाली विस्तव ऱ्हातोच की."

खरं होतं त्याचं. आमच्याकडं कोणतीच बाई चूल पुरती विझवत नाही. लाकडं ओढायची, राख लोटायची, आत निखारा झाकून ठेवायचा. संध्याकाळी तोच फुंकायचा. चुलीत पाणी ओतणं म्हणजे घरावर पाणी ओतणं, असं मानतात. शिवाय मातीची चूल तडकते.

मी पाणी ओतलं. रोज. पहिली गाडी दिसली की घागर उचलायची आणि चुलीत ओतायची. फसकन वाफ यायची, राखेचा चिखल व्हायचा. चूल तडकायची, दुपारी मी ती पुन्हा लिंपायची. पहिल्याच दिवशी सासूनं बघितलं. सासू गयाबाई, तोंडानं तिखट, पण पहाटे माझ्याआधी उठून पीठ चाळणारी.

"अगं ए भवाने! चुलीत पाणी ओतायलीस? माणूस मेल्यावरबी कोणी असं करत न्हाई."

"कापसाला आग लागली तर माणसंच मरतील, आत्या."

"मग तिथं चूल मांडूच नको."

"मग ऊस तोडायला चला."

सासू भाकरी पाटीत रचू लागली. हे तिनं वस्तीत कोणाला सांगितलं नाही, लाज वाटायची तिला. मीही सांगितलं नाही. अंधारात ओतायचे, कोणी बघत नव्हतं. सून चुलीत पाणी ओतते, ही काय सांगायची गोष्ट आहे?

भाकरी खपायची, पण कशी, ते ऐका. पहाटेच्या अंधारात गाडीवाले गुपचूप यायचे. "दे गं दोन. पिठलं घाल." चेहरा मफलरात. उजाडलं की तेच लोक मला ओळखायचे नाहीत. दिवसा कोणी यायचं ते कांदा आणि हिरवी मिरची घ्यायला. कच्च्याला विटाळ नसतो, असा त्यांचा हिशेब. एकानं दिवसाढवळ्या माझ्याकडनं मीठ नेलं आणि त्या मिठाशी घरची वाळकी भाकरी खाल्ली. मला हसू आलं होतं. अंधार तासाभराचा आणि दिवस एवढा मोठा. नुसत्या अंधारावर पोराची शाळा होत नव्हती.

रंगनाथ तर अंधारातही यायचा नाही. गाडी नेमकी माझ्या समोर लागलेली. पहिल्या सकाळी त्यानं विचारलं, "कोणाची गं तू?"

"बौद्धाची."

"हां." मग पाठ फिरवत, "मला भूक न्हाई."

मी म्हणलं, "मी कुठं मनले जेवा?"

तो दोन दिवस माझ्याकडं पाठ करून बसला. त्याची शिळी भाकरी चावल्याचा आवाज मला ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी त्याची गाडी पेटली.

*

तर लोकांनी मला घेरलेलं. कढई उपडी झालेली, पिठलं मातीत. सासू पोतं कवटाळून शिव्या देत होती. एवढ्यात रंगनाथ आडावरनं धावत आला. त्यानं आधी बैल कुठं आहेत ते बघितलं. मग गाडी बघितली. गाडी म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, चाकाची लोखंडी धाव तेवढी लाल होती. वर्षाचा कापूस तिच्यावर होता.

"रंगनाथराव, हिची चूल!" मुनीम म्हणाला. "बघा, विस्तव असंल अजून."

रंगनाथ माझ्याकडं आला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मला मारायला आला असता तर मी त्याला दोष दिला नसता, विळा मात्र चालवला असता. तो चुलीपुढं खाली बसला; सगळ्यांना निखारा दाखवायचा होता, पण त्यानं काठीसुद्धा घेतली नाही. सरळ हात घातला राखेत. भाजलं तर भाजलं, असा.

मनगटापर्यंत हात आत गेला. बाहेर आला तो काळ्या चिखलानं भरलेला. थेंब गळत होते.

तो हाताकडं बघत राहिला. मग पुन्हा घातला, खालपर्यंत. चिखलच.

"गार हाय," तो म्हणाला. "बे, ह्याच्यात चिखल हाय!"

"आत्ता ओतलं असंल पाणी, भ्याली मनून," मागनं कोणीतरी बोललं.

"आत्ता ओतलं तर ऊन लागंल की, लेका. हे पहाटंचं हाय. आडाच्या पाण्यावानी गार हाय." मग माझ्याकडं वळून, "चुलीत पाणी ओतलंस व्हय तू?"

"रोज ओतते."

"कामून?"

"तुमच्या कापसासाठी."

"कोणती बाई चुलीत पाणी ओतती गं?"

"ही," मी म्हणलं.

सासू पुढं झाली. दोन महिने जी लाज दाबून ठेवली होती, ती आता गळा काढून सांगू लागली. "ओतती! रोज ओतती! म्या डोळ्यानं बघायले! तडकलेली चूल बघा, रोज लिंपायलो आमी!" आणि खरंच, चुलीच्या अंगावर लिंपणाचे थर होते, कुडाच्या भिंतीसारखे. बाया असत्या तर त्यांनी आधीच ओळखलं असतं. पण घोळक्यात सगळे पुरुष. चूल कशी विझते, हे त्यांनी ऐकलेलं, केलेलं नव्हतं.

मग कोणाची तरी बिडी असणार, असं लोक हळूहळू म्हणू लागले आणि ज्यांच्या कानावर बिडी होती त्यांनी ती खिशात घातली. बिडी कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला अंदाज आहे. अंदाज मी लिहीत नाही.

रंगनाथ तसाच बसून होता, चिखलाचा हात पुढं धरून. माझ्या चुलीत हात घातल्याचं त्याला तेव्हा कळलं असावं. मी घरचा लोटा घेतला आणि त्याच्या हातावर पाणी ओतलं. त्यानं हात मागं घेतला नाही. धोतराला पुसला.

"दावं तूच तोडलंस?"

"व्हय."

"नवं होतं," तो म्हणाला. बाभळींकडं, बैलांकडं बघितलं. मग म्हणाला, "भाकर हाय का?"

"हाय. पिठलं मातीत गेलं. चटणी हाय जवसाची."

"दे."

ऊन चांगलं डोक्यावर आलेलं. सगळा रस्ता बघत होता. तो माझ्या पोत्याखाली मांडी घालून जेवला. त्याला आता रांगेत जागा नव्हती, गाडी नव्हती, घाई नव्हती. एक भाकरी खाऊन झाली तेव्हा दुसरी त्यानं स्वतःच मागितली. मुनीम खाकरला, "बरं, ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला आणि निघून गेला. तो गेल्यावर दोन गाडीवाले आले आणि उजेडात खाली बसले. पहाटे मफलरात यायचे तेच. एकानं नुसतं विचारलं, "पिठलं कवा होईल?"

ह्याचं लोक आता काहीबाही करतात. माझा मुलगा पाहुण्यांना सांगतो तेव्हा हात जोडतो. मी जोडत नाही. रंगनाथला भूक लागली होती आणि माझ्याकडं भाकरी होती. त्याला माणुसकी सुचायला गाडी जळावी लागली, ह्यात मी काय आनंद मानू? पण एक कबूल करते. दुसऱ्या कोणाची गाडी जळाली असती तर त्यानं हात घातला असता का, सांगता येत नाही. ज्याचं सगळं गेलं त्यालाच खरं काय ते हवं होतं. बाकीच्यांना कोणीतरी हवं होतं, एवढंच.

पौषात मुकादम वस्तीत आला. आमच्या दारावरनं पुढं गेला.

*

त्यानंतर रस्ता बदलत गेला, आणि मी त्याला बदलताना बघत गेले.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात पुढच्या हंगामात बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक जेवण मागू लागलं. हॉटेलच्या शेठनं माझ्याकडं माणूस पाठवला, भाकरीची पाटी दे म्हणून, मागच्या दारानं. मी दिली. एक बाजार दिली, दोन बाजार दिली. माझी भाकरी आत बाकावर आणि माझा कप बाहेर कोनाड्यात. तिसऱ्या बाजारी मी पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या दारात उभी राहिले.

"मागनं ये की," शेठ म्हणाला.

"मागनं भाकरी येत न्हाई आता. पुढनं आली तर घ्या."

आत माणसं ताटावर बसलेली, आमटी वाढून झालेली. शेठनं ताटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ये," म्हणाला. मी आत गेले, पाटी टेबलावर ठेवली आणि बाकावर बसले. चहा मागितला. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, कांद्याचा भाव सांगत होते. कप आतला आला. त्याच चहाची चव चाचाच्या चहाहून बरी होती, हे मला खोटं सांगता येणार नाही.

कोनाडा पुढं त्यांनीच विटा लावून बुजवला. रंगाखाली त्याचा चौकोन बरीच वर्षं दिसायचा. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, भिंतीला आरशासारख्या फरशा. नालबंदाच्या जागी पंक्चर, मग टायर, मग बँकेचं एटीएम. जिनिंगचं आवार पाडून तिथं गाळे काढले, वरच्या मजल्यावर पोरांचे क्लास. चाचाचा नातू बिर्याणी विकतो, माश्या कमी आहेत. हलवाई गेला, जिलबीचा वास गेला, मला बरं झालं.

लिंबाच्या जागी आमचं भोजनालय आहे. गॅसवर चालतं. मुलगा बोर्डावर माझा फोटो लावायचं म्हणत होता. मी म्हणलं, मेल्यावर लाव, आत्ता लोक मला समोर बघायलेत. भाजल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी, बाजरी-ज्वारीची भाकरी, आणि पोरांच्या हट्टानं नूडल्सही. खातात लोक. कोणाच्या हातची, कोणी विचारत नाही. काहीजण मनात विचारत असतील. मनातलं मला ऐकू येत नाही आणि मी कान देत नाही.

मला कोणी विचारतं, जुना मोंढा गेला, वाईट नाही वाटत? वाटत नाही. गेला ते बरं झालं. बैलांच्या घुंगरांचा आवाज चांगला होता, तेवढं म्हणेन.

परवाच्या पिकअपचा ड्रायव्हर उतरला आणि कापसाला टेकून त्यानं काडी ओढली. मी खुर्चीवरून एवढ्या जोरात ओरडले की आतली गिऱ्हाइकं बाहेर आली.

"आजी, गाडी माझी हाय, माल माझा हाय," तो म्हणाला.

"अन् समोर चूल माझी हाय. लांब जाऊन ओढ."

तो गेला लांब. हसत गेला, पण गेला.

त्या दिवशी गाडी गेली, कापूस गेला, दोन्ही बैल वाचले, रंगनाथ वाचला आणि मी वाचले. बैल म्हातारे होऊन मेले. रंगनाथ पुढं पुष्कळ हंगाम आला, दिवसा जेवला, मग एका हंगामात आला नाही. मुनीम गेला, शेठ गेला, सासू गेली, मालक गेले. त्या रांगेतली आता मीच आहे.